राखणीचं माणूस

पन्हळीत साठलेला पाला काढायचा म्हणजे एकानं शिडीवर चढायचं आणि एकानं शिडी धरायची. त्या घरात चढायची थोरली जाऊ आणि धरायची धाकटी. खरं तर हे उलटं असायला हवं होतं. थोरली पंचावन्नची, धाकटी अडतीसची. पण "तू वर गेलीस की तुझे पाय लटपटतात, मग शिडी लटपटते, मग मी खाली लटपटते," असं म्हणून थोरलीनं हा प्रश्न फार वर्षांपूर्वीच निकालात काढला होता.

"जाऊबाई, पुरे आता. उतरा खाली."

"थांब गं, कोपऱ्यात घरटं आहे. रिकामंच आहे. काडीन् काडी वाळलीय बघ. यात एक ठिणगी पडली की झालं." थोरलीनं घरटं हळूच उचललं आणि खाली सोडलं. "कुणी बांधलं असेल बिचाऱ्यानं."

घराला लागूनच खोक्यांचा कारखाना होता. खालच्या खोऱ्यातल्या फळबागांना लागणारी लाकडी खोकी इथं तयार व्हायची. लाकूड, ढलप्या, भुसा. वणव्याला घरी बोलवायचंच ठरवलं असतं, तर याहून चांगलं आमंत्रण सापडलं नसतं. म्हणून दर वर्षी डोंगरावरचं गवत पिवळं पडू लागलं की धाकटीचा नवरा अकरा कामगारांना घेऊन तयारीला लागायचा. सगळा रस्ता त्याला खोकीवाला म्हणायचा. भुसा पोत्यांत भरून लांबच्या खड्ड्यात, फळ्यांच्या थप्प्या भिंतींपासून वीस पावलं दूर, झरोक्यांना बारीक जाळी, आवारातलं गवत घोट्याखाली. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला तो नव्हता, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. माणूस कष्टाळू, शब्दाचा पक्का, थोरल्या भावामागं त्याचा कारखाना त्यानं वाढवलेला. वाईट माणसानं वाईट केलं असतं तर ही गोष्ट सांगायची गरजच पडली नसती.

त्या डोंगरउतारावर एक जुनी रीत होती. चौकातल्या, वणव्याचा धोका दाखवणाऱ्या पाटीवरचा काटा हिरव्यावरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून नारिंगीवर सरकायचा, आणि तो लालवर गेला की घरंच्या घरं गाड्यांत बसून खालच्या गावातल्या शाळेत जायची. इथवर शहाणपणच होतं. पण घर ओकंबोकं सोडायचं नाही, असाही दंडक होता. एक माणूस मागं ठेवायचं. त्याला म्हणायचे राखणीचं माणूस. त्यानं छप्पर भिजवायचं, उडत आलेली ठिणगी झोडपून विझवायची, दारं-खिडक्यांवर लक्ष ठेवायचं. कोणी राहायचं, हे कुठल्या घरात बसून ठरवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ते आपोआप ठरायचं. मात्र हे 'आपोआप' मोठं हुशार होतं. ते चुकूनही कर्त्या पुरुषावर जात नसे, लेकुरवाळीवर जात नसे. ते नेमकं नवरा गेलेलीवर, लग्नाविना राहिलेल्या बहिणीवर, नाही तर म्हाताऱ्या आईवर जाऊन बसायचं. रस्त्यावरच्या सव्वीस घरांत राखणीची सव्वीस माणसं होती आणि त्यांत मिशी एकालाही नव्हती.

उन्हाळ्याआधी सभागृहात बैठक भरे. तिथं राखणीला राहणाऱ्या बायकांची नावं मोठ्यानं वाचत आणि लोक टाळ्या वाजवत. थोरलीचं नाव आलं की ती मान खाली घालायची, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या शेजारी बसलेल्या धाकटीला दिसायच्या. आठ वर्षांपूर्वी थोरलीचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. तेव्हाची राखणीची म्हातारी, म्हणजे दोघींची सासू, पाच वर्षांपूर्वी गेली आणि पुढच्याच उन्हाळ्यात ते आपोआप थोरलीकडं आलं. पाच वर्षांत काटा सात वेळा लाल झाला होता. सातही वेळा वणवा दुसऱ्याच डोंगरावर भरकटला, आणि घरची मंडळी परतली तेव्हा थोरली दारात चहा घेऊन उभी होती. त्यामुळं रीत चांगली आहे, याबद्दल कुणाच्याच मनात शंका उरली नव्हती. धाकटीच्याही नाही.

मंगळवारी बंबवाल्या बाई आल्या. पंधरा वर्षं आगीच्या बंबावर काम केलेलं, आता गावोगावचे कारखाने आणि वस्त्या फिरून वणव्याआधीची तयारी तपासायची. आवाज असा, की बंबाला वेगळा भोंगा कशाला दिला असेल असं वाटावं. त्यांनी झरोक्यांच्या जाळ्या बोटानं दाबून पाहिल्या, पन्हळीत हात घातला, थप्प्यांमधलं अंतर पावलांनी मोजलं.

"छान," त्या म्हणाल्या. खोकीवाल्याची छाती इंचभर फुगली. "पंप कशावर चालतो?"

"विजेवर. दणकट आहे. पाच मिनिटांत अख्खं छप्पर न्हाऊन निघतं."

"मेन स्विच बंद करून कधी चालवून पाहिलाय?"

खोकीवाला हसला. कामगारही हसले. "अहो बाई, स्विच बंद केल्यावर पंप चालेल कसा?"

"तेच विचारतेय मी." बाई हसल्या नाहीत. "वणवा जवळ आला की आधी तारा पडतात. नाही पडल्या तर वीजवालेच लाईन बंद करतात, ठिणगी नको म्हणून. तेव्हा काय करणार?"

"डिझेलवरचा घ्यायचा आहेच. पुढच्या वर्षी."

"मागं कोण राहतं?"

"मी," थोरली म्हणाली. ती हात पुसत दारात येऊन उभी होती.

"आग आवारात शिरली तर बाहेर कशा पडाल?"

थोरलीला प्रश्नच कळला नाही. "मी कशाला बाहेर पडू? मी राखणीला असते ना."

 बाई खोकीवाल्याकडं वळून म्हणाल्या, "घर राखतं ते हे सगळं. साफ पन्हळ, जाळ्या, कापलेलं गवत. मागं ठेवलेलं माणूस नाही राखत. सगळ्यांनी निघायचं, आणि वेळेत निघायचं. दुसरं काही नाही." त्यांनी पिशवीतून एक कागद काढून धाकटीच्या हातात दिला. कागदावर गाडीचं चित्र होतं, पुढचं बाक आणि मागचा हौदा, नुसत्या रेघांचं. कुठं कोण बसणार आणि काय ठेवणार, ते लिहून शनिवारपर्यंत द्यायचं होतं. ऐनवेळी गोंधळ होतो, माणसं भांडत बसतात, म्हणून.

बाई गेल्यावर खोकीवाला म्हणाला, "सरकारी माणसाला दुसऱ्याचं घर रिकामं करायला काय जातंय! ज्याचं जळतं त्याला कळतं."

शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर कागद टेबलावर आला. धाकटीचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून दर वर्षीची असली कामं तिच्याकडंच असत. खोकीवाला सांगत गेला, ती लिहीत गेली.

"पुढं मी, तू आणि भिंगरी." भिंगरी म्हणजे त्यांची आठ वर्षांची मुलगी. नाव तिच्या पायांवरून पडलं होतं. "मागं रंधा मशीन. मधोमध, वजन एका बाजूला नको. त्याच्या डावीकडं मोठी मोटार. उजवीकडं करवतीची पाती, गोणपाटात गुंडाळून. कडेला कपड्यांच्या दोन बॅगा. आणि कुत्रा."

धाकटीनं 'कुत्रा' लिहिलं.

थोरली समोर बसून भिंगरीच्या शाळेच्या झग्याला बटण लावत होती. तिनं दोरा दातानं तोडला, मान लांब करून कागद पाहिला आणि म्हणाली, "कुत्र्याला मशीनमागं नका कोंबू. त्याला गाडी लागते. हौद्याच्या फळीशी बसवा, वारा लागेल असा."

"बरोबर बोललात वहिनी," खोकीवाला म्हणाला. "खोडून वर लिही गं."

धाकटीनं खोडलं आणि वर लिहिलं. मग तिचं पेन थांबलं. तिनं कागद पुन्हा वरून खाली वाचला. मशीन, मोटार, पाती, बॅगा, कुत्रा. चित्र भरलं होतं.

"आणि जाऊबाई?"

"वहिनी राखणीला. नेहमीसारख्याच."

"मला कुठं नेताय," थोरली हसत म्हणाली, "मी काय मशीन आहे?"

सगळे हसले. धाकटीही हसली. आपण हसलो, हे तिच्या ध्यानात आलं ते भांडी घासताना, आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं. पाच वर्षं राखणीच्या यादीत थोरलीचं नाव आपणच लिहून देतोय, याच मोत्यासारख्या अक्षरात, हे तिला आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली. 

दुसऱ्या दिवशी वाळलेले कपडे घड्या घालताना तिनं विषय काढला. "जाऊबाई, या वर्षी तुम्ही आमच्याबरोबर चला."

"आणि घर?"

"घर राहील नाही तर जाईल. तुम्ही चला."

थोरलीनं चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली आणि आपली दोन ओढून ताठ केली. "एक सांगू? हे गेल्यापासून या घरात मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. तू नाही, भाऊजी नाहीत. पण माझ्यावाचून कुणाचं काही अडतही नाही. बटण लावते, पन्हळ साफ करते, हे काय कुणीही करेल. ते एक काम आहे बघ, जे माझं आहे. आणि कारखान्याची शेड यांनी बांधलीय. स्वतःच्या हातानं."

"पंप बंद पडला तर?"

"पाच वर्षांत कधी पडलाय?"

 धाकटी नवऱ्याकडं गेली. तो रंधा मशीनला तेल देत होता. त्या मशीनसाठी त्यानं तीन महिने वाट पाहिली होती. ते आलं आणि फळी हातानं तासायचं काम संपलं.

"अहो, मशीन राहू द्या. त्या जागी जाऊबाई बसतील."

"मशीन जळलं तर अकरा घरांतली चूल बंद होईल. वहिनींना काय होणार आहे? आजवर काही झालंय? अगं, त्या स्वतः म्हणतात मी राहते. मी जबरदस्ती केलीय का कधी?"

केली नव्हती. खरंच केली नव्हती. कागद ठरल्या दिवशी बाईंकडं गेला.

पुढच्या गुरुवारी काटा लालवर गेला. पहाटेपासून वारा सुटला होता, भट्टीचं दार कुणीतरी उघडं टाकल्यासारखा. सात वाजता चार कामगारांनी फळ्यांवरून रेटत मशीन टेम्पोत चढवलं, दोरानं आवळलं आणि आपापली बिऱ्हाडं हलवायला ते घरी पळाले. नऊपर्यंत मोटार, पाती, बॅगा चढल्या. भिंगरी पुढं बसून एकसारखी हॉर्नकडं हात नेत होती. उत्तरेच्या डोंगरामागं आकाश मातकट पिवळं दिसू लागलं. थोरली जाड सुती कपडे घालून, डोक्याला ओलं फडकं बांधून नळी घेऊन उभी होती. शेडच्या पत्र्यावर पाणी तडतडत होतं.

"वहिनी, निघतो हो," खोकीवाला म्हणाला. "फोन जवळ ठेवा."

"ठेवलाय. जा तुम्ही. कुत्र्याला पाणी पाजलंय."

धाकटी टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. तेवढ्यात पत्र्यावरचा आवाज बदलला. तडतड कमी झाली, मग नुसतंच ठिबकणं, मग तेही थांबलं. थोरलीनं नळीच्या तोंडात पाहिलं. ती पंपाकडं गेली, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबून धरलं.

"लाईट गेली वाटतं," ती म्हणाली.

"येईल लाईट," खोकीवाला म्हणाला.

तो हे अगदी सहज बोलला. एरवी रोज बोलायचा तसाच. पण बोलून झाल्यावर तिघंही जिथल्या तिथं उभी राहिली. डोंगरामागून धुराचा एक जाड लोट वर चढत होता.

थोरली हातातल्या नळीकडं बघत होती. "भाऊजी," ती हळूच म्हणाली, "म्हणजे पाच वर्षं मी इथं ही रिकामी नळी घेऊन उभी होते?"

"तसं नाही वहिनी. आजवर काटा लाल असताना कधी लाईट गेली नव्हती ना."

"वणवाही आला नव्हता."

धाकटी पायरीवरून खाली उतरली.  "मशीन उतरवा. नाही तर मी इथंच राहते. भिंगरीला घेऊन तुम्ही जा."

"वेड लागलंय का तुला? चार जणांनी चढवलंय ते. उतरवायला आता माणसं कुठनं आणू?"

थोरलीनं नळी खाली ठेवली. गुंडाळून, आकड्याला अडकवून नव्हे, तर तशीच वाटेत टाकली. टेम्पोकडं आली, हौद्याची फळी खटकन् पाडली आणि म्हणाली, "चढवायला चार लागतात भाऊजी. पाडायला तिघं पुरे."

तो तिच्याकडं बघतच राहिला. तीस वर्षांत वहिनींनी त्याला कधी काही करायला सांगितलं नव्हतं.

"उभे काय राहिलात? शेड तुमच्या भावाची, अर्धा कारखाना माझ्या नावावर. माझं अर्धं मशीन मी पाडते, असं समजा."

दोर सोडले. तिघांनी खांदे लावले. मशीन आधी हललंच नाही, मग कुरकुरलं, मग कडेवरून असं काही खाली गेलं की भिंगरीनं कानांवर हात ठेवले. खोकीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लपवलं नाही, आणि कुणी त्याला हसलंही नाही. दोघी जावा हौद्यात चढल्या, मधोमध फतकल मारून बसल्या, आणि टेम्पो निघाला. फाटकाबाहेर पडताच कुत्र्यानं धाकटीच्या पायांवर ओकारी काढली.

"म्हटलं नव्हतं?" थोरली म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसता हसता धाकटीला रडू फुटलं.

पुलाच्या अलीकडचं शेवटचं घर पिठाच्या गिरणीवाल्याचं. त्याची गाडी तासापूर्वीच गेली होती. पायरीवर त्याची म्हातारी आई बसली होती, दोन्ही बाजूंना एकेक भरलेली बादली ठेवून. थोरलीनं केबिनची काच बडवली. टेम्पो थांबायच्या आतच तिनं खाली उडी मारली.

"मावशी, चला. उठा."

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू गं कशी? राखणीला नाही राहिलीस?"

"नाही राहिले. तुम्हीही नका राहू. लाईट गेलीय."

"मला लाईटचं काय? माझ्या बादल्या आहेत."

"मावशी, धूर बघा तो. दोन बादल्यांनी काय होणार? गाडीत जागा आहे."

म्हातारीनं हौद्याकडं पाहिलं. धाकटी सरकून बसली होती, हात पुढं करून. म्हातारी त्या रिकाम्या जागेकडं क्षणभर बघत राहिली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "मुलगा परत आला की काय म्हणेल? आई घर टाकून लोकांच्या गाडीतून गेली? चाळीस वर्षं राखलंय मी हे. आधी नणंद राखायची, मग मी. जा बाई तुम्ही. पोर आहे तुमच्याबरोबर."

थोरलीनं तिचा दंड धरला. म्हातारीनं तो हिसडून सोडवला, एक बादली उचलली, आत गेली आणि आतून कडी घातली. दोघींनी दार बडवलं. धाकटीनं खिडकी ओढून पाहिली. खोकीवाला खाली उतरून ओरडला, "आजी, उघडा! तुमच्या मुलाला मी सांगतो!" आतून उत्तर आलं नाही. वाऱ्याबरोबर राखेचे कण येऊन गाडीच्या काचेवर बसू लागले. भिंगरी रडायला लागली. शेवटी धाकटीनंच थोरलीला हाताला धरून ओढत टेम्पोत चढवलं. ते ओढणं ती पुढं कधी विसरली नाही.

खालच्या गावातल्या शाळेत अकराच्या सुमारास नोंदणी सुरू झाली. वर्गातलं टेबल व्हरांड्यात आणून कारकून बसला होता. खोकीवाल्यानं आल्या आल्या गिरणीवाल्याला शोधलं होतं, पण तो बायकोच्या गोळ्या आणायला बाजारात गेलेला, आणि त्याचा फोन काही लागत नव्हता. रांगेत तो दिसला तेव्हा त्याच्यापुढं एकच माणूस होता. दोघी जावा धावत जाऊन त्याच्या मागं उभ्या राहिल्या.

"घरात माणसं किती?" कारकुनानं त्याला विचारलं.

"चार."

"सगळी आली?"

"हो, सगळी आली."

तो खोटं बोलत नव्हता. धाकटीला त्याचा चेहरा बाजूनं दिसत होता, त्यावर लपवण्यासारखं काहीच नव्हतं. त्यानं मोजलंच तेवढं होतं.

"पाच," थोरली म्हणाली.

गिरणीवाला वळला. "काय?"

"तुमच्या घरात पाच माणसं आहेत. आई कुठं आहे?"

"आई?" तो समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "ती राखणीला आहे ना."

कारकुनाचं पेन थांबलं. नुकत्याच येऊन भिंतीपाशी वायरलेस घेऊन उभ्या राहिलेल्या बंबवाल्या बाई पुढं आल्या. थोरलीनं त्यांना सगळं सांगितलं. पुलाच्या अलीकडचं घर, पुढची खोली, आतून कडी, दोन बादल्या पाणी. पाच मिनिटांत बंब निघाला. कारकुनानं चारवर रेघ मारून पाच लिहिलं. गिरणीवाला व्हरांड्याच्या पायरीवर बसला आणि रस्त्याकडं बघू लागला.

बंब पुलापर्यंत गेला. पुढं रस्त्यावर जळती झाडं आडवी पडली होती, दोन्ही बाजूंनी ज्वाळा होत्या. बाईंनी तीनदा प्रयत्न केला, मग माणसं परत वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शाळेत आल्या तेव्हा त्यांच्या भुवया करपलेल्या होत्या. आधी त्यांनी गिरणीवाल्याला बाजूला नेलं. घराच्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या. आई दारामागंच सापडली. कडी तिनं उघडली होती, पण दार ढकलायला तिला अवधी मिळाला नव्हता. मग बाई खोकीवाल्याकडं आल्या. अर्धी शेड गेली होती, पंप वितळला होता, त्याच्या पाण्याच्या टाकीचा गोळा झाला होता. घर मात्र उभं होतं. पन्हळी साफ होत्या, जाळ्यांनी ठिणग्या आत येऊ दिल्या नव्हत्या, गवताअभावी आग आवारात शिरून तिथंच उपाशी मेली होती. खोकीवाल्यानं हे ऐकलं आणि थोरलीकडं पाहिलं. पंप होता तिथंच, अगदी त्याच्याशेजारी, ती दर वर्षी उभी राहायची.  त्यानं खाली वाकून तिच्या पायांना हात लावला.

गिरणीवाला टेबलापाशी उभा होता. त्याचा आकडा पुन्हा चार करायचा होता आणि कारकुनाला तसं म्हणवत नव्हतं.

"काल माझ्या तोंडून चारच निघालं होतं," गिरणीवाला कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाला. मग त्याला थोरली दिसली. तो तिच्यापाशी आला. "तुम्ही होतात ना तिथं? तुम्ही तिला या म्हणालात ना? ती नाही म्हणाली ना? ती तिच्या मर्जीनं राहिली. सांगा ना हो यांना."

रांगेतले लोक वळून बघू लागले. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मागं काल कुणी ना कुणी राहिलं होतं. वाऱ्यानं दिशा बदलली नसती, तर आज त्यांचे आकडेही बदलले असते.

थोरलीनं त्याचा हात हातात घेतला. "हो," ती म्हणाली, "मर्जीनंच राहिल्या. मीही पाच वर्षं मर्जीनंच राहत होते."

गिरणीवाल्यानं मान खाली घातली आणि तो मोठ्यानं रडू लागला. ती त्याचा हात धरून तशीच उभी राहिली. कारकुनानं दोघांसाठी खुर्च्या आणल्या.

डोंगर पुन्हा हिरवा झाला, आणि गवत पिवळं पडायला अजून तीन महिने होते, तेव्हा एका सकाळी धाकटी वही घेऊन घराबाहेर पडली. थोरली बरोबर होती. कारखान्यातली कामं टाकून दोघी निघाल्या तरी खोकीवाल्यानं अडवलं नाही. आपलं आणि गिरणीवाल्याचं सोडून जायला चोवीस घरं होती, आणि काही ठिकाणी दार लावून घेतील हे दोघींना ठाऊक होतं. पहिल्या घराचा मालक दारात आला. आत, माजघरात, त्याची थोरली बहीण खाली बसून काहीतरी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"दादा," धाकटीनं विचारलं, "तुमच्या घरात माणसं किती?"

तो बोटांवर मोजू लागला. दोघी उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत होत्या.